अठराची रेघ, एकवीसचा आकडा

ताराचंदजी नगराळे आता आमच्या ऑफिसात येत नाहीत. ते आजारी नाहीत. त्यांना कुणी काढून टाकलेलं नाही. ते अल्लीपुरात आपल्या घरी आहेत, सकाळी वावरात जातात, दुपारी जेवून लिंबाखाली पडतात. फक्त त्यांनी पेन हातात धरणं सोडलं आहे. मला हे अजून खरं वाटत नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी त्यांच्यापेक्षा बराच लहान. तळेगावचा. एम.ए. मराठी करून घरी बसलो होतो. टायपिंगची परीक्षा दिली होती, तेवढ्यावर मधुकररावांच्या ऑफिसात चिकटलो. मधुकरराव इंजिनिअर. वर्ध्यात त्यांचं ऑफिस. लोकांची घरं, शाळा, कापसाची गोदामं, सगळ्यांचे नकाशे तिथं व्हायचे. पहिल्या दिवशी मला बसायला जागाच नव्हती. ताराचंदजींनी आपल्या मोठ्या टेबलाचा एक कोपरा रिकामा करून दिला. म्हणाले, "बस इथं, कविराज. पन कोपर हलवू नको. शाई वाळून राह्यली."

तेव्हापासून मी कविराज. मी कधी कविता केली नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

ते नागपूरच्या आय.टी.आय.मधून ड्राफ्ट्समन होऊन आले तेव्हा १९७२ साल होतं. मधुकररावांनी त्यांना आधी नुसतं ट्रेसिंगला बसवलं. म्हणजे दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं गिरवायचं. दोन वर्षांत नकाशे तेच काढू लागले. त्यांचं अक्षर असं, की आर्वीच्या नगरपालिकेतला बाबू नकाशा उलगडायच्या आधी म्हणे, हा ताराचंदचा. सकाळी आले की ते रुमालानं टी-स्क्वेअर, म्हणजे रेघा ओढायची लांब पट्टी, पुसत. मग उजव्या बाहीवर कापडी खोळ चढवत. मग दुपारपर्यंत बोलत नसत.

घराचा दर्शनी भाग काढला की ते दाराशी एक माणूस काढत. धोतर, टोपी, हातात काठी. घराच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून. घरमालक विचारत, हा कोण? ताराचंदजी मान वर न करता सांगत, "तुमचा साळा. आतापासूनच येऊन उभा हाये." घरमालक हसला की ते खूश. पंधरा वर्षांत त्यांनी किती साळे उभे केले असतील कोण जाणे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. पुढचं सगळं तिच्यावर आहे.

हातानं काढलेल्या नकाशात बदल आला, तर अख्खा कागद कुणी पुन्हा काढत नाही. लोक बदल सांगतातच. खोली एक फूट वाढवा, दार इकडे घ्या. अशा वेळी ड्राफ्ट्समन ब्लेडनं जुना आकडा हलकेच खरवडतो आणि तिथं नवा लिहितो. रेघ तशीच राहते. बारीक नकाशात ते डोळ्याला दिसतही नाही. त्यात फसवाफसवी नाही. प्रत्येक नकाशाच्या खाली सूचना असते, की लिहिलेली मापंच पाळावीत, कागदावर पट्टी लावून माप घेऊ नये. गवंडी तेच करतो. तो आकडा वाचतो. रेघेला कुणी विचारत नाही. सगळीकडे असंच चालतं. ताराचंदजी हेच शिकले आणि पोरांना त्यांनी हेच शिकवलं.

१९८६च्या दसऱ्याला ऑफिसात कॉम्प्युटर आला. नागपूरच्या एका कंपनीनं मधुकररावांना दाखवलं होतं, की नकाशे आता पडद्यावर निघतात. शिवाय कोणता कॉलम, म्हणजे खांब, कुठं येईल याची अंतरं मशीन स्वतःच छापून देतं. मधुकरराव भारावले होते. वर्ध्यात असं ऑफिस दुसरं नव्हतं. मागच्या खोलीत एसी बसवला. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायच्या. नारळ फोडला, पडद्याला कुंकू लावलं. ताराचंदजी हात बांधून दाराशी उभे होते. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून मला हळूच म्हणाले, "घरी बी नाई होत इतकी झाडलोट, जेवढी इच्यासाठी होते."

मशीनसोबत कंपनीनं दोघांना नागपुरात आठवडाभर शिकवायचं कबूल केलं होतं. मधुकरराव स्वतः गेले. एक दिवस बसले, कामं होती म्हणून परत आले. दुसऱ्या जागेवर त्यांचा भाचा गेला. नुकताच इंजिनिअर झाला होता. ताराचंदजींचं नाव कुणाच्या मनातही आलं नाही. कॉम्प्युटर म्हणजे डिग्रीवाल्याचं काम, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं. ताराचंदजींनाही.

भाचा शिकून आला. महिनाभर त्या खोलीत बसला. मग त्याला पुण्याला नोकरी लागली आणि तो गेला. जाताना एका दुपारी त्यानं ताराचंदजींना मशीन चालू-बंद करायला शिकवलं.

मग मशीन नुसतंच पडून राहिलं. मधुकरराव रोज त्या खोलीत डोकावत. शेवटी त्यांनी ताराचंदजींना बोलावून सांगितलं, की आता हे तूच शिक. पुढच्या वर्षी टेबलं काढायची आहेत. ज्याला मशीन येईल तोच ड्राफ्ट्समन. ते रागानं बोलले नव्हते. पण बाहेर आल्यावर ताराचंदजी बराच वेळ आपल्या टेबलाच्या कडेवरून हात फिरवत उभे राहिले.

त्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत आमची शाळा सुरू झाली. कंपनीनं इंग्रजी पुस्तक दिलं होतं. मी वाचायचो, मराठीत सांगायचो. ते एका बोटानं बटणं दाबायचे. मला नकाशातलं काही कळत नव्हतं आणि त्यांना इंग्रजी जेमतेम. दोघं मिळून एक माणूस होत होता. रेघ कशी काढायची, गोल कसा काढायचा, अक्षरं कशी लिहायची, एवढं त्या पुस्तकात होतं. ते पुस्तक पहिला भाग होतं. काढलेलं बदलायचं कसं, ते दुसऱ्या भागात आहे असं शेवटच्या पानावर लिहिलं होतं. दुसरा भाग आला नव्हता.

मधुकररावांनी कंपनीला पत्र पाठवलं. फोन केले. फोन लागला तर एक बाई सांगे, साहेब दौऱ्यावर आहेत. पुढल्या वेळी तीच बाई सांगे, शिकवणारे साहेब नोकरी सोडून गेले, नवे यायचे आहेत. दुसरा भाग छापायला गेला आहे. माणूस पाठवतो. माणूस आला नाही.

तरी ताराचंदजी शिकले. हे मी पाहिलं आहे. हिवाळ्यात ते साधं घर पडद्यावर काढू लागले. रेघ चुकली की पुसायची आणि पुन्हा काढायची, एवढंच त्यांना येत होतं, पण हात पटापट चालायला लागला होता. एकदा त्यांनी साळा काढून पाहिला. सगळ्या सरळ रेघा. धोतर काही जमेना. ते बुजगावणंच झालं. आम्ही दोघं इतके हसलो की मधुकरराव पाहायला आले. मोठं छापायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, म्हणून फ्लॉपी डब्यात घालून एसटीनं नागपूरला न्यायची आणि नकाशा गुंडाळी करून आणायचा. ताराचंदजी स्वतः जात. डबा मांडीवर ठेवून बसत.

त्याच सुमाराला अल्लीपुरात विहाराशेजारी अभ्यासिका बांधायचं ठरलं. वस्तीतल्या पोरांना रात्री वाचायला जागा हवी होती. घरात एकच खोली, एकच दिवा. जागा मिळाली, सिमेंट कुणी कुणी दिलं, खोदकाम लोक स्वतः करणार होते. नकाशा अर्थात ताराचंदजींचा. मधुकररावांनी आनंदानं हो म्हटलं. मशीनवर काढलेली ती आमच्या ऑफिसची पहिली पूर्ण इमारत. रुंदी अठरा फूट.

नकाशा घेऊन ते गावी गेले, तेव्हा मीही सोबत होतो. त्यांची मोठी बहीण पंचफुलाबाई तिथंच राहते. तिनं नकाशा जमिनीवर पसरवून पाहिला. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, बाकं कुठं? ताराचंदजींनी बोटानं दाखवलं. पोरी कुठं बसतील? त्यांनी नकाशावरचं बोट उचललं.

"पोट्ट्याइच्या मधात नाई बसत पोरी," ती म्हणाली. "कोनाची माय पाठवन? एक रांग भितीपाशी येगळी पायजे. एवढं करजो, ताराचंद. माही कोकिळा पुढच्या साली दहावीले हाये."

कोकिळा, तिची मुलगी, चुलीपाशी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही, पण हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली.

ताराचंदजींनी तिथंच मनातल्या मनात हिशेब केला. तीन फूट वाढवले तर भिंतीलगत बाकांची एक वेगळी रांग बसते. म्हणाले, "हून जाईन बाई." अभ्यासिकेच्या कमिटीनंही मान डोलावली.

सोमवारी ते मशीनपुढे बसले. मी शेजारी होतो. अख्खा नकाशा पुसून पुन्हा काढायचा तर आठवडा गेला असता. कमिटी घाई करत होती. त्यांनी तेच केलं, जे पंधरा वर्षं करत आले होते. अठराचा आकडा पुसला. तिथं एकवीस लिहिलं. सुबक, बरोबर मधोमध. रेघ राहू दिली.

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कुणाला दिसलं असतं? पुस्तक लिहिणाऱ्याला स्वप्नातही आलं नसेल, की कुणी आकडा बदलेल आणि रेघ ठेवेल. आणि आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं, की मशीन आकडा वाचत नाही. आकडा त्याच्यासाठी नुसतं अक्षर. ते रेघ मोजतं.

नकाशा नागपूरहून छापून आला. कॉलमच्या अंतरांचा तक्ता ऑफिसातल्या छोट्या प्रिंटरवर निघाला. अल्लीपूरचा रामाजी मिस्त्री दोन्ही न्यायला आला होता. मधुकररावांनी तक्ता त्याच्या हातात दिला आणि कौतुकानं सांगितलं, की नकाशावरून बेरजा-वजाबाक्या करत बसू नको, मशीननं सगळं काढून दिलं आहे, या आकड्यांवर डोळे मिटून पायाची सुतळी बांध. रामाजीनं तसंच केलं. नकाशा त्यानं गुंडाळलेलाच ठेवला. त्याची एक प्रत हिंगणघाटला वेल्डिंगच्या दुकानात गेली, छपराखालच्या तिकोनी लोखंडी कैच्या करायला. दुकानदारानं आकडा वाचला. एकवीस.

उन्हाळाभर लोकांनी खड्डे खोदले, पाणी भरलं, कॉलम उभे केले. ताराचंदजी शनिवारी जात आणि सोमवारी परत येऊन सांगत. बायकांनी गाणी म्हणत गिट्टी वाहिली. कोकिळेनं आपल्या रांगेची जागा आधीच धरून ठेवली आहे, खिडकीजवळची. हे सांगताना ते हसत. उभ्या कॉलममधली जागा डोळ्याला मोठीच वाटते. त्यांना काही कळलं नाही. पट्टी लावायचं कारणच नव्हतं.

कैच्या आल्या त्या दिवशी मी सोबत होतो. ट्रॅक्टरमधून उतरवल्या. दोरांनी पहिली वर ओढली. दोन्ही बाजूंनी ती कॉलमच्या बाहेर गेली. भोकं बोल्टांवर येईनात. खालून कुणी म्हणालं, वेल्डिंगवाल्यानं उंटाच्या मापाची केली. लोक हसले. रामाजीनं टेप लावला. कॉलम ते कॉलम अठरा फूट. मग कैची मोजली. एकवीस. मग त्यानं नकाशा उलगडला. तिथं ताराचंदजींनी लिहिलेलं एकवीस सुबक छापून आलं होतं.

"साहेबाच्या कागदावर तं अठरा हाये," रामाजी म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता.

ताराचंदजींनी तक्ता हातात घेतला. ते कॉलमपाशी गेले, त्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांना सगळं लगेच कळलं असावं. मला कळायला वेळ लागला. ते माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "रेघ वाचली रे त्या मशीनीनं."

कुणी त्यांना बोललं नाही. तेच वाईट होतं. कॉलम तोडायचे म्हटलं तर सिमेंट संपलेलं, पावसाळा तोंडावर. कमिटी विहाराच्या पायरीवर बसली आणि थोड्याच वेळात उठली. कैच्या कापायच्या ठरल्या. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाला आला. दुपारभर ठिणग्या उडत होत्या. प्रत्येक कैचीतून तीन फूट कापून काढले आणि उरलेले भाग पुन्हा जोडले. ताराचंदजी शेवटपर्यंत तिथं उभे होते. पंचफुलाबाई एकदा येऊन गेली. भावाच्या हातात पाण्याचा गडू दिला आणि परत गेली.

अठरा फुटांत एकच व्यवस्था बसली. पोरांची. पोरींचं पुढं पाहू, असं ठरलं.

ऑफिसात मधुकरराव कंपनीवर खूप चिडले. या वेळी ते स्वतः नागपूरला गेले, आणि पावसाळा संपता संपता कंपनीचा माणूस खरोखर आला. तरुण होता, शर्ट खोचलेला, हिंदी बोलणारा, वागायला चांगला. त्यानं दुसरा भागही आणला होता. मधुकररावांनी ताराचंदजींना मशीनपुढे बसवलं. त्या महिन्यांत ते मशीनच्या खोलीत गेलेच नव्हते. टेबलापाशी बसत, टी-स्क्वेअर पुसत, आणि काढत काहीच नसत.

माणसानं विचारलं, अडचण कुठं आली? ताराचंदजींनी अल्लीपूरचा नकाशा पडद्यावर उघडला. बोट ठेवून दाखवलं. तो माणूस लगेच म्हणाला, अरे, हे तर सोपं आहे. त्यानं दोन बटणं दाबली, एका बाजूच्या भिंतीभोवती चौकट धरली आणि भिंत ओढली. भिंत सरकली. तिच्यासोबत कॉलम सरकले, खिडकी सरकली. मग त्यानं माप लिहायची खरी रीत दाखवली. आकडा मशीननं स्वतः लिहिला. एकवीस.

"आप करके देखिए," तो म्हणाला.

ताराचंदजींनी भिंत परत अठरावर नेली. मग पुन्हा ओढली. आकडा पुन्हा बदलला. एक चहा पिऊन होईपर्यंत त्यांना सगळं आलं. तेवढंच होतं ते.

त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं. "हे पहले काहे नई बताया?"

तो गोंधळला. मग खरं तेच बोलला. "आपको तो किसीने भेजा ही नहीं था।"

मधुकरराव दाराशी होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

माणसानं विचारलं, बदललेला नकाशा साठवून ठेवू का? ताराचंदजी म्हणाले, "राहू द्या. तिथं भीत उभी झाली. इथं सरकवून काय करता." त्यांनी अठराचाच ठेवला. मशीन नीट बंद केलं. बाहेर येऊन चपला घातल्या. आपल्या टेबलापाशी गेले, बाहीची खोळ काढून घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. मला म्हणाले, "येतो, कविराज." मला वाटलं, चहाला चालले.

ते परत आले नाहीत.

मधुकरराव दोनदा अल्लीपूरला जाऊन आले. दुसऱ्या खेपेला मला सोबत नेलं. ताराचंदजींनी पाट दिला, चहा दिला. मधुकरराव म्हणाले, "चूक माझी आहे, ताराचंद. आधी तुलाच पाठवायला हवं होतं." ताराचंदजी म्हणाले, "तुम्ही तरी काय करान, साहेब. मीच नाई म्हनलं का मले पाठवा." दोघंही खरं बोलत होते. टेबलं अजून काढलेली नाहीत. ताराचंदजींचं टेबल तसंच आहे, मी त्याच कोपऱ्यात बसतो. मशीनवर आता एक नवा मुलगा आहे. कंपनीनं त्याला रीतसर शिकवलं. तो चांगलं काम करतो. साळा काढत नाही.

या उन्हाळ्यात मी एकटाच गेलो. ड्रॉवरमधली पेनं त्यांना द्यावी असं वाटलं होतं. ते अभ्यासिकेच्या बाहेर लिंबाखाली बसले होते. मी आत जाऊन आलो. पोरं वाचत होती. खिडकीजवळच्या जागेवर एक पोरगा गणितं करत होता. कोकिळेचं विचारलं. दहावीत दोन विषय राहिले आणि लग्न ठरलं. पंचफुलाबाई म्हणते, तसंही ठरलंच असतं. ताराचंदजींनी तेवढंच सांगितलं. बहिणीचं म्हणणं त्यांना पटलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

भिंतीच्या बाहेर, तिच्या लगत, पोरांच्या सायकली ओळीनं उभ्या होत्या. ताराचंदजी उठले, दोन सायकलींच्या मधे गेले आणि भिंतीपासून तीन फुटांवर पायानं मातीत रेघ ओढली.

"इथपर्यंत," म्हणाले.

मी पेनांची डबी पुढं केली. त्यांनी ती उघडली, एक पेन उजेडात धरून टोक पाहिलं, परत ठेवलं आणि डबी माझ्या हातात दिली.

"शाई वाळली आतमंदी. कोमट पान्यात भिजवून धुजो. घासू नको."

मी घरी येऊन ती धुतली. पुसून ठेवली आहेत.